लग्न झालेलं नाही पण बाळाचे वडील आहात? मग हक्क कागदावर कसा आणायचा ते वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाळ तुमचं आहे हे तुम्हाला माहितीये, बाळाच्या आईला माहितीये, दोन्ही घरच्यांना माहितीये, तरी कायद्याला ते माहिती नसतं. लग्न झालेलं असलं की नवऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही, कायदा त्यालाच बाप धरतो आणि विषय संपतो. लग्न नसेल तर आईचं नातं जन्म दिला त्याच क्षणी पक्कं होतं आणि वडिलांचं नातं मात्र कुठेतरी सही करून, नोंद करून नाहीतर कोर्टाकडून लिहून आणावं लागतं. तोपर्यंत तुम्ही रात्र रात्र बाळाला खांद्यावर घेऊन फिरलात, दुपटी धुतलीत, सगळा खर्च केलात तरी कायद्याच्या लेखी तुम्ही बाहेरचे.

माझ्या अगदी जवळच्या मित्राचं हेच झालं म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. दोघं एकत्र राहत होते, सगळं छान चाललेलं, नाव नोंदवायचं काय ते बघू नंतर असं म्हणत राहिले, बाळ आठ महिन्यांचं असताना दोघं वेगळे झाले आणि मग जे काम एका सहीने झालं असतं त्यासाठी त्याची दोन वर्षं कोर्टात गेली. त्या दोन वर्षांत पोरगी चालायला लागली, बोलायला लागली आणि ह्याने ते फोटोत पाहिलं. ती दोन वर्षं त्याला कुठलाच जज परत देऊ शकला नाही.

कायदा असा का, तर जुन्या इंग्लिश कायद्यात लग्नाशिवाय झालेलं मूल हे कोणाचंच मूल नाही असं धरायचे, अगदी शब्दशः, आणि अर्ध्या जगाने तोच कायदा उचलला. तो हळूहळू बदलत गेला. अमेरिकेत १९७२ साली स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय हा खटला झाला, त्यात बाप आणि आई लग्न न करता अधूनमधून १८ वर्षं एकत्र राहिलेले, तीन मुलं, आई वारली आणि सरकारने मुलं उचलून नेली कारण त्या राज्याच्या कायद्यात बिनलग्नाचा बाप हा पालकच नव्हता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा माणूस नालायक बाप आहे का ते त्याचं म्हणणं ऐकून आधी ठरवा, नुसतं लग्न नाही म्हणून मुलं काढून घेता येणार नाहीत. पुढे १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सातव्या कलमात आलं की शक्य तिथवर आपले आईवडील कोण हे कळण्याचा आणि त्यांच्याकडून सांभाळ होण्याचा हक्क मुलाचा आहे. मुलाचा, हे नीट लक्षात घ्या, कारण कोर्टात उभं राहाल तेव्हा माझा हक्क माझा हक्क करून फार काही मिळत नाही, बाळाला बाप मिळावा अशी मांडणी केलीत तर ऐकलं जातं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो. लोक तीन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. पहिली, पितृत्व, म्हणजे कायद्याने बाप कोण. दुसरी, पालकत्व, म्हणजे शाळा कुठली, ऑपरेशन करायचं का, पासपोर्ट काढायचा का ह्यात तुमचं मत लागतं की नाही. तिसरी, ताबा आणि भेट, म्हणजे मूल राहतं कोणाकडे आणि तुम्हाला कधी भेटतं. पहिली गोष्ट सिद्ध झाली की पोटगीची जबाबदारी बहुतेक सगळीकडे लगेच मागे लागते, पण दुसरी आणि तिसरी मिळेलच असं नाही. कितीतरी जण जन्मदाखल्यावर नाव लागलं म्हणून निर्धास्त बसतात आणि वर्षभराने कळतं की त्या नावाने पैसे द्यायची जबाबदारी आली, भेटीचा हक्क आलाच नाही. म्हणून वकिलाकडे गेलात की ह्या तिन्हींचं वेगवेगळं विचारा.

सुरुवात जन्माच्या नोंदणीपासून करायची. बाळ यायच्या आधीच आईशी बोलून ठेवा, कारण बाळंतपणानंतरच्या दिवसांत कोणालाच कशाचं भान नसतं. इंग्लंड आणि वेल्समधे नोंदणीला ४२ दिवस असतात आणि लग्न नसेल तर साधारणपणे दोघांनी मिळून जायचं, कारण आई एकटी गेली तर तुमचं नाव तसं लागत नाही. तिथे १ डिसेंबर २००३ पासून जन्माच्या नोंदीत बाप म्हणून नाव लागलं की पालकत्वाची जबाबदारी आणि हक्क दोन्ही मिळतात, स्कॉटलंडमधे हीच तारीख ४ मे २००६ आहे आणि उत्तर आयर्लंडमधे १५ एप्रिल २००२. मूल त्या तारखेच्या आधी नोंदवलेलं असेल तर नुसत्या नावाने भागत नाही.

अमेरिकेत हॉस्पिटलमधेच पितृत्व मान्य करायचा एक ऐच्छिक फॉर्म मिळतो, दोघांनी सही केली की तो कोर्टाच्या निकालाइतका पक्का धरतात. सही मागे घ्यायला ६० दिवस मिळतात, त्यानंतर फसवणूक, जबरदस्ती किंवा मोठी चूक झाली असं सिद्ध केलं तरच तो मोडता येतो. म्हणजे मनात जराही शंका असेल तर आधी टेस्ट करा मग सही करा, भावनेच्या भरात नको. आणि तिथेही वर म्हणालो तेच, ओहायोसारख्या राज्यात सही झाली तरी कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ताबा एकट्या अविवाहित आईकडेच असतो.

भारतात नोंदणीची मुदत २१ दिवस. पण इथे जन्मदाखल्यावर नाव असणं हा पुरावा म्हणून उपयोगी, पालकत्व त्याने मिळत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ६ सरळ सांगतं की लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर वडील. २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने पुढे असंही ठरवलं की अविवाहित आईला पालक म्हणून नेमणूक मागताना वडिलांचं नाव सांगायची किंवा त्यांना नोटीस द्यायची सक्ती नाही. बापांना हा निकाल कडू लागतो, पण त्यातच कोर्टाने हेही म्हटलंय की पालकत्वाचे आदेश कधीच कायमचे नसतात, मुलाबद्दल खरी कळकळ असलेला माणूस केव्हाही कोर्टात येऊन ते तपासायला लावू शकतो. तुमचा रस्ता तिथून जातो. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहतं त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज करायचा, तुम्ही राहता तिथल्या नाही, हे चुकलं की अर्ज तिथेच अडकतो.

आई नाव लावू द्यायला तयार नसेल तर? तर कोर्टाकडून पितृत्वाचा निर्णय मागायचा आणि तिथे डीएनए टेस्टचा विषय येतो. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, दुखत नाही, आणि बाप असाल तर आकडा ९९.९ टक्क्यांच्या वरच येतो. पण घरी मागवलेल्या किटचा रिपोर्ट कोर्टात सहसा चालत नाही, कारण नमुना खरंच कोणाचा होता आणि मधे कोणाच्या हातातून गेला ह्याची नोंद नसते, त्यामुळे टेस्ट कोर्टाच्या आदेशाने नाहीतर मान्यताप्राप्त लॅबमधे ओळखपत्र दाखवूनच करा. आणि चोरून बाळाचे केस, टूथब्रश असलं काही उचलू नका प्लीज. ब्रिटनमधे तर संमतीशिवाय डीएनए तपासायच्या हेतूने कोणाचा नमुना जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि बाकी ठिकाणीही जजच्या मनातून तुम्ही पहिल्याच दिवशी उतरता.

सगळ्यात अवघड केस म्हणजे आईचं लग्न दुसऱ्या कोणाशी झालेलं असणं. इथे विज्ञान काय सांगतं त्याआधी कायदा काय गृहीत धरतो ते येतं. भारतात पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं तेच आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ झालंय, लग्न चालू असताना किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत (आई तोवर अविवाहित असेल तर) झालेलं मूल नवऱ्याचंच धरलं जातं, आणि नवराबायको एकमेकांच्या संपर्कात येणं शक्यच नव्हतं हे दाखवल्याशिवाय ते मोडत नाही. कोर्टं डीएनएचा आदेशही सहज देत नाहीत कारण मुलाच्या माथी कायमचा शिक्का बसू शकतो. अमेरिकेतही १९८९ च्या मायकेल एच विरुद्ध जेराल्ड डी ह्या खटल्यात रक्ततपासणीने ९८.०७ टक्के बाप म्हणून दाखवलं होतं, तो माणूस मुलीसोबत काही काळ राहिलाही होता, तरी कोर्ट ५ विरुद्ध ४ ने नवऱ्याच्या बाजूने गेलं. अशी परिस्थिती असेल तर इंटरनेटवर वाचून काही करू नका, फॅमिली केसेस करणारा वकील गाठा आणि आजच गाठा, कारण बऱ्याच ठिकाणी अशा दाव्याला मुदत असते.

मुदतीवर जरा जास्त बोलतो कारण बाप हरतात ते बहुतेक वेळा इथे. दत्तक. आईने मूल दत्तक द्यायचं ठरवलं आणि तुम्ही कागदावर कुठेच नाही तर तुम्हाला कोणी विचारायलाही येत नाही. अमेरिकेत निम्म्याहून जास्त राज्यांत संभाव्य वडिलांची नोंदवही असते, मी ह्या मुलाचा बाप असू शकतो अशी नोंद तुम्ही स्वतः जाऊन करायची, मग दत्तकाची केस आली की तुम्हाला नोटीस मिळते. कित्येक राज्यांत जन्मापासून ३० दिवस, ओहायोमधे फक्त १५. १९८३ च्या लेअर विरुद्ध रॉबर्टसन ह्या खटल्यात न्यूयॉर्कच्या एका बापाने ती नोंद केली नव्हती. आईने पुढे दुसऱ्याशी लग्न केलं, त्या नवऱ्याने मुलगी दत्तक घ्यायचा अर्ज केला, त्यानंतर महिन्याभराने ह्या बापाने पितृत्वाचा अर्ज टाकला, तरी दत्तक मंजूर झालं आणि सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ते कायम ठेवलं. निकालात लिहिलंय की एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर नोटीसचा हक्क त्याला मिळाला असता. एक पोस्टकार्ड!

आयर्लंडच्या कीगन खटल्यात तर बाप आणि आईने मूल ठरवून होऊ दिलेलं, नंतर फाटलं, बापाने मुलीला एक दिवसाची असताना एकदाच पाहिलं आणि तिला त्याला न कळवता दत्तकासाठी देऊन टाकलं. युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने १९९४ मधे सांगितलं की हे त्याच्या कौटुंबिक आयुष्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. खटला तो जिंकला पण मुलगी दत्तक घरीच राहिली, तोपर्यंत ती पाच वर्षांची होऊन गेली होती. उशिरा जिंकणं म्हणजे काय ते ह्यात दिसतं.

भारतात लग्नाशिवाय झालेलं मूल बालकल्याण समितीकडे सोपवायचा अधिकार फक्त आईला असतो, आणि सोपवल्यावर फेरविचाराला साधारण दोन महिने असतात, त्यानंतर मूल दत्तकासाठी मोकळं होतं. म्हणजे नुसती कुणकुण लागली तरी त्या समितीला लगेच लेखी कळवा, पोच घ्या, आणि त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज करा.

आईशी अजून बोलणं चालू असेल तर मग भांडायची गरजच नाही, करार करा. इंग्लंडमधे पालकत्वाच्या जबाबदारीचा छापील करारनामा मिळतो, दोघांनी कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर सही करायची की झालं, आणि आई तयार नसेल तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम ४ खाली कोर्टाकडे मागायची. जर्मनीत बालकल्याण खात्याच्या ऑफिसात दोघांनी मिळून घोषणापत्र केलं की संयुक्त पालकत्व मिळतं. पूर्वी तिथे आई नाही म्हणाली की विषय तिथेच संपायचा, २००९ मधे एका जर्मन बापाने युरोपच्या कोर्टात हे आव्हान जिंकलं आणि २०१३ पासून आई नको म्हणाली तरी वडील कोर्टात जाऊ शकतात. आयर्लंडमधे आता आईसोबत सलग १२ महिने एकत्र राहिलात आणि त्यातले किमान ३ महिने बाळ झाल्यानंतरचे असले तर पालकत्व आपोआप मिळतं, फक्त एकत्र राहिल्याचे पुरावे सांभाळून ठेवा, भाडेकरार, लाईटबिल, दोघांच्या नावाची पत्रं वगैरे.

आता प्रत्यक्ष भेटीचा किंवा ताब्याचा अर्ज. इंग्लंडमधे अर्जाआधी मेडिएशनबद्दलची एक मीटिंग करावी लागते, घरगुती हिंसेचा विषय असेल तर सूट असते, भारतातही फॅमिली कोर्ट आधी समुपदेशकाकडे पाठवतं. ह्याला टाळाटाळ म्हणून बघू नका, तिथे ठरलेलं वेळापत्रक सहसा जास्त टिकतं. अर्जासोबत अंतरिम भेटीचीही मागणी करा, हे फार जण विसरतात, मुख्य निकालाला महिने लागतात आणि तेवढ्या काळात लहान मूल तुम्हाला विसरून जातं, मग समोरची बाजू म्हणते बघा मूल ह्यांना ओळखतही नाही.

जज काय बघतो, तर मुलाचं हित, जवळपास सगळ्या देशांत हाच निकष. म्हणजे तुम्ही आजवर काय केलंत आणि उद्या काय करणार. त्यासाठी एक वही घाला, तारीख टाकून लिहा, कधी भेटलात, किती वेळ, डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं, भेट ठरली होती आणि नाकारली गेली तर काय कारण दिलं गेलं. मेसेज डिलीट करू नका, तिचेही आणि तुमचेही. आणि ह्यापुढचा प्रत्येक मेसेज जज वाचणार आहे असं धरून लिहा, रात्री दोन वाजता रागात पाठवलेली चार वाक्यं वर्षभराची मेहनत घालवतात, हे मी मित्राच्या केसमधे डोळ्याने बघितलंय. मागणीही नेमकी करा. मला मुलगी भेटू द्या असं मोघम नको, दर शनिवारी दहा ते चार, तीन महिने आजीच्या समोर, मग एक रात्र मुक्काम, आजारी असेल तर बदली दिवस, रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, असं लिहून द्या. मूल अंगावर पिणारं असेल तर तासदोन तासाच्या पण आठवड्यात तीनचार भेटी मागा, त्या वयात एक लांब भेट देण्यापेक्षा वारंवार भेटणं कामाचं असतं आणि जजलाही ते पटतं.

पैशाचं. पहिल्या दिवसापासून द्या, कोर्टाने सांगायची वाट बघू नका, आणि बँकेतूनच द्या, नोंदीत मुलाचं नाव आणि महिना लिहा, रोख दिलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. भेटू देत नाही म्हणून पैसे बंद करायचे हा विचार मनातून काढून टाका, पोटगी आणि भेट ह्या कोर्टाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पैसे थकले म्हणून आईने भेट रोखणं जसं चूक तसंच भेट रोखली म्हणून तुम्ही पैसे थांबवणं चूक, आणि भूक बाळाला लागते. भारतात पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यात लग्नाशिवाय झालेल्या मुलालाही पोटगीचा पूर्ण हक्क आहे.

आई मुलाला घेऊन दुसऱ्या देशात जाणार असं कळलं तर एक दिवसही थांबू नका. १९८० चा हेग करार सदस्य देशांत १६ वर्षांखालच्या मुलाला परत आणायला मदत करतो, वर्षाच्या आत अर्ज केला तर सहसा लवकर परत पाठवतात, पण अट अशी की मूल नेलं तेव्हा तुमच्याकडे ताब्याचा हक्क असायला हवा. पश्चिम ऑस्ट्रेलियातून एक आई मुलाला इंग्लंडला घेऊन गेली, आईबाप एकत्र राहत होते पण लग्न नव्हतं, आणि १९९० मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च कोर्ट) म्हटलं की पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने ताबा एकट्या आईचा होता, त्यामुळे नेणं बेकायदा नाही. भारत ह्या कराराचा सदस्यच नाही, त्यामुळे इथे आणलेल्या किंवा इथून नेलेल्या मुलासाठी वेगळी आणि लांबची लढाई असते. म्हणून मूल देशात आहे तोपर्यंतच पालकत्वाचा आदेश आणि परदेशी नेण्यावर बंदीचा हुकूम मिळवा.

एक नाजूक गोष्ट. आईला तुमची भीती वाटत असेल, तिने तक्रार केली असेल, संरक्षणाचा आदेश घेतला असेल तर तो आदेश तंतोतंत पाळा. घरासमोर जाणं नको, तिच्या आईला फोन नको, मित्राकरवी निरोप नको. आरोप खोटा वाटत असला तरी उत्तर कोर्टातच द्या आणि देखरेखीखालची भेट मागा, ती कमीपणाची वाटते पण तिथला अहवाल पुढे तुमच्याच कामी येतो. आणि तक्रारीत खरं काही असेल तर आधी मदत घ्या, समुपदेशन, दारू सोडायचा कार्यक्रम, जे असेल ते, आणि त्याची कागदपत्रं ठेवा.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना बाळाचा जन्मदाखला किंवा हॉस्पिटलचे कागद, तुम्ही एकत्र राहिल्याचे पुरावे, पैसे दिल्याच्या बँकनोंदी, ती वही आणि मेसेजच्या प्रिंट घेऊन जा. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते का ते चौकशी करून विचारा, भारतात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकील फुकट देतात.

आणि मृत्युपत्र करा, ह्याच महिन्यात. भारतात हिंदू वारसा कायद्यात आईबापाचं कुठलंच लग्न झालेलं नसेल तर मुलाचं नातं वारसासाठी आईशीच धरतात, वडिलांनी काही लिहून ठेवलं नसेल तर त्यांच्या मागे मुलाच्या हाताला काही लागत नाही. विमा आणि बँक खात्याचं नॉमिनेशन केलंत तरी ते मृत्युपत्राची जागा घेत नाही, त्यामुळे कागदावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि हे माझं मूल आहे असं स्वच्छ लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि एक प्रत अशा माणसाकडे ठेवा जो ती मुलाच्या आईपर्यंत पोचवेल.